हाडांची झीज: दूध, नाचणी, तीळ आणि ऊन, आहाराने नेमका किती फरक पडतो?

'बाथरूममध्ये पाय घसरला, पडल्या आणि खुबा मोडला.' घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या आजींबद्दल हे वाक्य बहुतेकांनी ऐकलेलं असतं. मग दोष ओल्या फरशीला दिला जातो, चपलेला दिला जातो किंवा वयाला. पण नुसतं उभ्या उभ्या पडल्यावर निरोगी हाड सहसा मोडत नाही. ते मोडतं, तेव्हा हाड आतून बरीच वर्षं पोखरलं गेलेलं असतं. या पोखरण्यालाच ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. मराठीत त्याला अस्थिसुषिरता असा शब्द आहे, बोलताना मात्र आपण 'हाडं ठिसूळ झाली' असं म्हणतो.

या आजारात दुखत नाही, सूज येत नाही, ताप येत नाही. पहिलं लक्षण बहुधा फ्रॅक्चर हेच असतं. आणि खुब्याचं फ्रॅक्चर ही साधी गोष्ट नाही. इंटरनॅशनल ऑस्टिओपोरोसिस फाउंडेशनच्या माहितीनुसार खुब्याचं हाड मोडल्यानंतर पहिल्या वर्षभरात २० ते २४ टक्के रुग्णांचा मृत्यू होतो. जे वाचतात, त्यांच्यातल्या अनेकांना पुन्हा आधाराशिवाय चालता येत नाही.

हे टाळण्यात आहाराचा वाटा किती? रोज ग्लासभर दूध प्यायलं की झालं, इतकं हे सोपं नाही. आणि 'वय झालं की होणारच', इतकं हताश होण्यासारखंही नाही.

हाड नेमकं झिजतं कसं?

हाड म्हणजे भिंतीतली वीट नव्हे. ते जिवंत असतं आणि आयुष्यभर त्याची डागडुजी सुरू असते. काही पेशी जुनं हाड विरघळवतात, दुसऱ्या पेशी त्या जागी नवं हाड रचतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दरवर्षी असा नव्याने घडतो.

लहानपणी आणि तरुणपणी रचण्याचं काम जास्त होतं. विशी ओलांडून तिशीपर्यंत पोहोचताना हाडांमधला साठा सर्वात जास्त असतो. त्यानंतर हळूहळू खर्च वाढतो. कणगी सुगीत भरायची आणि वर्षभर त्यातूनच काढायचं, तसाच हा प्रकार आहे. फक्त इथे सुगी एकदाच येते.

महिलांमध्ये रजोनिवृत्तीच्या वेळी हा खर्च एकदम वाढतो. हाड विरघळवणाऱ्या पेशींवर इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा लगाम असतो आणि पाळी थांबली की तो सुटतो. रजोनिवृत्तीनंतरच्या पाच ते सात वर्षांत हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. पाश्चात्त्य देशांत रजोनिवृत्तीचं सरासरी वय ५१ च्या आसपास आहे, भारतात ते चार-पाच वर्षं आधी येतं. म्हणजे आपल्याकडच्या बायकांची झीजही तितकी आधी सुरू होते.

शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. उरलेलं एक टक्का रक्तात आणि पेशींमध्ये असतं, आणि शरीराच्या दृष्टीने तेच जास्त तातडीचं. हृदयाचे ठोके, स्नायूंची हालचाल, रक्त गोठणं यांसाठी रक्तातलं कॅल्शियम एका ठरावीक पातळीत राहावंच लागतं. जेवणातून ते कमी आलं की पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून काढून रक्तात आणते. म्हणूनच 'रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलंय, मग हाडं चांगलीच असणार' हा समज चुकीचा आहे. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल ठेवण्यासाठी तर हाडं झिजत असतात.

रोज किती कॅल्शियम लागतं आणि पोटात किती जातं?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली भारतीयांसाठीच्या शिफारशी सुधारल्या. त्यानुसार प्रौढ व्यक्तीला दिवसाला १००० मिलीग्रॅम कॅल्शियम हवं. रजोनिवृत्तीनंतर आणि स्तनपान देणाऱ्या मातांसाठी हा आकडा १२०० आहे. त्याआधीच्या, २०१० च्या शिफारशीत प्रौढांसाठी ६०० मिलीग्रॅम पुरेसं मानलं होतं. इंटरनेटवरचे अनेक जुने तक्ते अजून तोच आकडा दाखवतात.

आता एका साध्या ताटाचा हिशेब करून पाहू. सकाळी पोहे, दिवसभरात दोन-तीन कप चहा मिळून १०० मिलिलिटर दूध, दोन्ही वेळच्या मिळून चार पोळ्या, वाटीभर भात, तुरीचं वरण, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर. पोट भरतं, चवही असते. पण राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांनुसार बेरीज केली तर कॅल्शियम भरतं जेमतेम २०० ते २५० मिलीग्रॅम. त्यातलं निम्मं तर चहातल्या दुधाचं.

हा हिशेब काल्पनिक वाटू शकतो. पण याच संस्थेच्या डॉ. वीणा शत्रुघ्न आणि सहकाऱ्यांनी हैदराबादमधल्या कमी उत्पन्न गटातल्या ३० ते ६० वर्षांच्या महिलांचा अभ्यास करून २००५ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांच्या आहारातलं कॅल्शियम दिवसाला सरासरी २७० मिलीग्रॅमच निघालं. खुब्याच्या हाडाच्या मानेशी तपासलं असता सुमारे २९ टक्के महिलांना ऑस्टिओपोरोसिस होता. यातल्या कित्येकींनी साठीही गाठलेली नव्हती.

पालकात भरपूर, पण अंगी लागतं का?

गव्हाने आणि तांदळाने भरलेल्या ताटात काय बदलता येईल, याचं उत्तर शोधायला महाराष्ट्राबाहेर जायची गरज नाही.

नाचणीपासून सुरुवात करू. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं. तेवढ्याच गव्हाच्या पिठात ते ३० च्या आसपास, ज्वारी-बाजरीतही तितकंच, आणि तांदळात दहाच्याही खाली. 'भाकरी खातो म्हणजे कॅल्शियम मिळतंच' असं म्हणणाऱ्यांनी भाकरी कशाची, हे आधी पाहावं. ज्वारी-बाजरीचे इतर गुण भरपूर आहेत, पण या एका बाबतीत नाचणीच्या जवळपासही दुसरं धान्य नाही. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या गरिबांचं अन्न म्हणून ती बाजूला पडली, आणि आता २०२३ च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षानंतर महागड्या बिस्किटांच्या पाकिटावर परत आली. त्या बिस्किटात नाचणी किती आणि मैदा, साखर किती, हे पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.

पण एखाद्या पदार्थात कॅल्शियम आहे म्हणजे ते सगळं अंगी लागतं असं नाही. याचं सर्वात ठळक उदाहरण पालक. पालकातलं कॅल्शियम ऑक्झलेट नावाच्या द्रव्याने जखडलेलं असतं, त्यामुळे त्यातलं फक्त पाचेक टक्के शोषलं जातं. दुधातलं जवळजवळ ३० टक्के शोषलं जातं. माठ, चाकवत आणि अळू या भाज्यांतही ऑक्झलेट बरंच असतं. अळू खाजरं असतं तेही कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळेच. या भाज्या खाऊ नयेत असा याचा अर्थ नाही. त्यांत इतर बरंच काही चांगलं असतं, फक्त कॅल्शियमची भिस्त त्यांच्यावर ठेवू नये. त्यासाठी मेथी आणि शेवग्याचा पाला जास्त भरवशाचे. शेवग्याच्या शेंगा आपण आमटीत आवडीने टाकतो, पण कॅल्शियम खरं पानांत असतं: १०० ग्रॅममध्ये ३०० मिलीग्रॅमच्या वर. अंगणात शेवगा असलेली किती घरं तो पाला फेकून देतात, हा वेगळाच विषय आहे.

धान्यांत आणि कडधान्यांत अडथळा असतो फायटेटचा. पण त्यावरचा उपाय स्वयंपाकघरात आधीपासून आहे. भिजवणं, मोड आणणं, आंबवणं यांमुळे फायटेट कमी होतं. नाचणीचं सत्त्व करताना ती भिजवून मोड आणून वाळवतात, आंबीलही आंबवूनच होते. मटकीची उसळ मोड आणून करणं हा नुसता चवीचा भाग नाही.

तिळाचा आकडा पाहून कोणीही चकित होईल: १०० ग्रॅममध्ये १२०० मिलीग्रॅमहून अधिक. पण इथे दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. एक, १०० ग्रॅम तीळ कोणी खात नाही. दोन चमचे चटणी म्हणजे साधारण १० ग्रॅम. दुसरं, तिळातलं बहुतेक कॅल्शियम सालीत असतं आणि तेही बऱ्याच अंशी ऑक्झलेटसोबत. पांढराशुभ्र, सोललेला तीळ घेतला तर ते बरंचसं निघूनच जातं. तरी संक्रांतीपुरता तीळ न ठेवता तिळाची, कारळ्याची चटणी रोजच्या ताटात आली तर थोडा थोडा हातभार लागतोच. बाळंतिणीच्या लाडवांत खसखस आणि अळीव घालण्याची रीतही कॅल्शियमच्या हिशेबात बसते.

किनारपट्टीवर वेगळीच सोय आहे. काट्यासकट चावून खाता येणारी लहान मासळी, मग ती ताजी असो वा सुकी, कॅल्शियमचा उत्तम स्रोत आहे. पापलेट किंवा सुरमईचा तुकडा खाताना आपण काटा बाजूला काढतो, म्हणजे कॅल्शियमही ताटाच्या कडेला जातं. सुक्या मासळीत मीठ मात्र फार असतं, त्यामुळे ती धुऊन, भिजवून घेतलेली बरी.

आता वरच्याच ताटात थोडा बदल करून पाहा. एका पोळीऐवजी नाचणीची भाकरी आली तर २०० मिलीग्रॅम. बटाट्याऐवजी मेथीची भाजी आली तर आणखी २००. वाटीभर दही दीडशेच्या आसपास. दोन चमचे तिळाची चटणी, कागदावर १२०. बेरीज ९०० च्या घरात जाते, आणि ग्लासभर दूध घेतलं तर १००० ओलांडते. या यादीत बाहेरून मागवावं असं काहीच नाही.

दूध पचत नाही, पोट फुगतं, अशी तक्रार अनेकांची असते. दुधातली लॅक्टोज नावाची साखर न पचल्यामुळे हे होतं. अशा बऱ्याच जणांना दही चालतं, कारण विरजण लागताना ती साखर काही प्रमाणात कमी होते. ताकही चालतं, पण ताकात पाणी किती घातलंय त्यावर त्यातलं कॅल्शियम अवलंबून.

प्रथिनांबद्दलचा उलटलेला समज

'जास्त प्रथिनं खाल्ली की लघवीतून कॅल्शियम निघून जातं आणि हाडं कमकुवत होतात' असं बरीच वर्षं सांगितलं जायचं. आता चित्र बदललं आहे. हाडाच्या आकारमानाचा जवळपास निम्मा भाग प्रथिनांचा असतो; कॅल्शियम त्या जाळीवर बसतं. आणि स्नायू बळकट असतील तर माणूस मुळात पडतोच कमी.

याचा सर्वात ठोस पुरावा ऑस्ट्रेलियातून आला. तिथल्या ६० वृद्धनिवासांमधल्या ७,१९५ रहिवाशांवर झालेला हा प्रयोग २०२१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. रहिवाशांचं सरासरी वय ८६ होतं. निम्म्या निवासांत जेवणात दूध, दही आणि चीज वाढवलं. त्यामुळे कॅल्शियम दिवसाला सुमारे ११४० मिलीग्रॅम आणि प्रथिनं ६९ ग्रॅमवर गेली. दुसऱ्या निम्म्यांत नेहमीचंच जेवण राहिलं, त्यात कॅल्शियम ७०० मिलीग्रॅम आणि प्रथिनं ५८ ग्रॅम होती. दोन वर्षांत पहिल्या गटात एकूण फ्रॅक्चर ३३ टक्क्यांनी आणि खुब्याची फ्रॅक्चर ४६ टक्क्यांनी कमी झाली. पडण्याचं प्रमाणही ११ टक्क्यांनी घटलं. मृत्यूच्या प्रमाणात मात्र फरक दिसला नाही.

'आता या वयात काय खाऊन काय होणार' असं ज्येष्ठांबद्दल सहज म्हटलं जातं, तेव्हा हे आकडे आठवावेत. आपल्याकडे तर दात नाहीत, भूक नाही म्हणून आजी-आजोबांचं जेवण चहा-बिस्कीट आणि मऊ भातावर येऊन ठेपलेलं असतं.

मग शाकाहाराचं काय? ब्रिटनमधल्या सुमारे ५५,००० लोकांवर जवळपास १८ वर्षं लक्ष ठेवणाऱ्या एपिक-ऑक्सफर्ड अभ्यासात, मांसाहारी लोकांच्या तुलनेत खुब्याच्या फ्रॅक्चरचा धोका शाकाहारींमध्ये २५ टक्क्यांनी जास्त दिसला. दूधही न घेणाऱ्या व्हिगन लोकांमध्ये तो दुपटीहून अधिक होता. कमी वजन, कमी कॅल्शियम आणि कमी प्रथिनं ही त्यामागची काही कारणं निघाली. ती वजा करूनही धोका पूर्ण नाहीसा झाला नाही. दूध-दही खाणाऱ्या मराठी शाकाहारी कुटुंबाने यातून घाबरून जायचं कारण नाही, पण 'वरण पातळ आणि भात जास्त' हे गणित बदलायला हवं. दूध सोडून व्हिगन झालेल्या तरुणांनी मात्र कॅल्शियमचा हिशेब खरंच मांडून पाहावा.

ऊन खायचं, पण कधी?

कॅल्शियम आतड्यातून रक्तात जायला ड जीवनसत्त्व लागतं. ते पुरेसं नसेल तर खाल्लेल्यातलं १० ते १५ टक्केच शोषलं जातं, असेल तर ३० ते ४० टक्के. नाचणी, दूध, तीळ सगळं करूनही ड जीवनसत्त्व नसेल तर बरीच मेहनत वाया.

आणि हे एक जीवनसत्त्व ताटातून जवळजवळ मिळतच नाही. तेलकट मासे, अंड्याचा पिवळा बलक, यकृत, बस. ते त्वचेत तयार होतं, तेही उन्हातल्या यूव्ही-बी किरणांमुळे. हे किरण कोवळ्या उन्हात फार कमी असतात, त्यामुळे 'सकाळचं कोवळं ऊन' हा लोकप्रिय सल्ला इथे फारसा कामाचा नाही. सूर्य वर आल्यावरचं ऊन लागतं. काचेतून हे किरण आत येत नाहीत, म्हणजे खिडकीजवळ बसूनही उपयोग नाही. सावळ्या त्वचेला जास्त वेळ लागतो. उन्हाच्या देशात राहूनही भारतात या जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते, त्यामागे हीच कारणं आहेत. दुधाच्या काही पिशव्यांवर निळ्या रंगात 'प्लस एफ' अशी खूण असते. त्या दुधात अ आणि ड जीवनसत्त्व मिसळलेलं असतं.

कॅल्शियम घालवणाऱ्या गोष्टी

मीठ हा यातला दुर्लक्षित गुन्हेगार. मूत्रपिंडं सोडियम बाहेर टाकतात तेव्हा सोबत थोडं कॅल्शियमही जातं. साधारण एक चमचा मिठामागे ४० मिलीग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. लोणचं, पापड, फरसाण, वेफर्स यांनी ती मर्यादा नकळत ओलांडली जाते. ज्याच्या ताटात मुळातच कॅल्शियम कमी, त्याचं नुकसान जास्त.

चहा-कॉफीची मात्र उगाच बदनामी झाली आहे. एका कपामागे होणारं नुकसान दोन-तीन मिलीग्रॅम इतकं किरकोळ आहे, आणि आपला चहा दुधाचा असल्याने ते लगेच भरून निघतं. कोलाबद्दल शंका घ्यायला जागा आहे: अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासात रोज कोला पिणाऱ्या महिलांच्या खुब्याच्या हाडांची घनता कमी आढळली होती. तिथेही खरा प्रश्न असा, की कोलाचा ग्लास कोणत्या ग्लासाच्या जागी आला. धूम्रपान आणि दारू हाडांना घातक, याबद्दल वाद नाही.

यवतमाळ, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांतल्या काही गावांत भूजलातच फ्लोराइड जास्त आहे. त्यामुळे हाडं दाट होतात पण ठिसूळही होतात, सांधे आखडतात. आहारात कॅल्शियम कमी असेल तर हा त्रास वाढतो. तिथे पहिला उपाय ताटात नाही, पाण्यात आहे.

उपवासाबद्दलही एक गोष्ट. साबुदाण्यात कॅल्शियम नावालाच असतं. राजगिऱ्यात मात्र गव्हाच्या अनेक पट असतं. आठवड्यातून दोन-दोन उपवास करणाऱ्यांनी खिचडीऐवजी राजगिऱ्याची भाकरी आणि दही घेतलं तर उपवासही होतो आणि हाडांचंही भागतं.

गोळ्या घेतल्या की काम झालं?

नाही. अमेरिकेतल्या ३६,००० हून अधिक महिलांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व देऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. खुब्याची घनता किंचित सुधारली, पण खुब्याच्या फ्रॅक्चरमध्ये लक्षणीय घट दिसली नाही, आणि मूतखड्याचं प्रमाण १७ टक्क्यांनी वाढलं. २०२२ मध्ये आलेल्या व्हायटल चाचणीत सुमारे २६,००० निरोगी मध्यमवयीन आणि ज्येष्ठांना रोज २००० युनिट ड जीवनसत्त्व देऊनही फ्रॅक्चर कमी झाली नाहीत.

याचा अर्थ गोळ्या निरुपयोगी असा नाही. ज्यांच्यात कमतरता आहे, जे घराबाहेर पडू शकत नाहीत, ज्यांना ऑस्टिओपोरोसिसचं औषध सुरू आहे, त्यांना त्या लागतात. गरोदर महिलांना सरकारी कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून दिवसातून दोनदा कॅल्शियमची गोळी दिली जाते, ती वेगळ्या कारणासाठी, आणि ती बंद करू नये. फक्त कॅल्शियमची आणि लोहाची गोळी एकत्र घेऊ नये; दोन तासांचं अंतर ठेवावं.

धोका असतो तो मनाने घेण्यात. ६०,००० युनिटची ड जीवनसत्त्वाची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्याला एक असते, ती गैरसमजातून रोज घेतली तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढू शकतं. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या महिलांना वर्षातून एकदा पाच लाख युनिटचा डोस देऊन पाहिला, तर त्या गटात पडण्याचं आणि फ्रॅक्चरचं प्रमाण उलट वाढलं.

व्हॉट्सॲपवर फिरणारा 'गव्हाच्या दाण्याएवढा चुना' हा उपायही इथेच निकालात काढलेला बरा. चुन्यात कॅल्शियम असतं हे खरं, पण तो तोंड आणि अन्ननलिका भाजू शकतो. दही उपलब्ध असताना हा मार्ग घ्यायचं काही कारण नाही.

तपासणी कोणाला हवी?

हाडांची घनता मोजण्याची प्रमाण पद्धत म्हणजे डेक्सा स्कॅन. त्यात येणारा टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस समजला जातो. मोफत शिबिरांत टाचेवर यंत्र लावून जी तपासणी होते ती अल्ट्रासाउंडची असते. तिच्यावरून शंका घेता येते, निदान करता येत नाही. शिबिरातल्या कागदावर लाल रंग दिसला म्हणून तिथेच महिन्याभराच्या पावडरचे डबे घेण्याआधी डेक्सा करून घ्यावा.

४५ च्या आत पाळी गेलेल्या किंवा गर्भाशयासोबत अंडाशयही काढलेल्या महिला, अगदी किरकोळ पडण्याने हाड मोडलेल्या व्यक्ती, दमा किंवा संधिवातासाठी महिनोन्महिने स्टिरॉइड घेणारे, आई-वडिलांपैकी कोणाचा खुबा मोडलेला असणारे, फार कमी वजनाचे लोक: यांनी साठीची वाट न पाहता डॉक्टरांशी बोलावं. उंची दोन-तीन सेंटिमीटरने कमी झाली असेल किंवा पाठीला बाक येत असेल तर मणका आधीच दबलेला असू शकतो. आणि एकदा निदान झालं की निव्वळ नाचणी-दुधावर विसंबता येत नाही. झीज रोखणारी औषधं उपलब्ध आहेत, ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी लागतात, आणि त्यांचं काम नीट होण्यासाठी ताटात कॅल्शियम, प्रथिनं आणि अंगात ड जीवनसत्त्व असावंच लागतं.